तीच गोळी तिसऱ्यांदा घेऊ का?

प्रश्न : ताई, माझं वय ३४. अडीच महिन्यांपूर्वी दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. तो संपता संपता खालच्या जागेला भयंकर खाज सुटली, घट्ट पांढरं पाणी जायला लागलं. मैत्रीण म्हणाली, यीस्ट इन्फेक्शन आहे, एक गोळी घे. घेतली आणि दोन दिवसांत बरं वाटलं. पुढच्या पाळीच्या आधी पुन्हा तेच. पुन्हा तीच गोळी, पण या वेळी अर्धवटच फरक पडला. आता तिसऱ्यांदा सुरू झालंय. पाणी जरा पातळ आहे आणि वासही येतो. दिवसातून तीन वेळा गरम पाण्यात जंतुनाशक घालून धुते, तरी आग थांबत नाही. जाऊ म्हणते, स्वच्छता कमी पडते. नवरा म्हणतो, मला काही झालं नाही, मग तुलाच कसं? माझ्या आईला शुगर आहे, त्याचा काही संबंध असेल का? ती गोळी पुन्हा घेऊ का? डॉक्टरांकडे जायची फार लाज वाटते.

उत्तर : गोळी घेऊ नका, किमान तपासणी होईपर्यंत तरी नको. आणि ते जंतुनाशक आजच्या आज बंद करा. ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकते, कारण तुमचं पत्र वाचताना मला इन्फेक्शनपेक्षा त्या गरम पाण्याचीच जास्त काळजी वाटली.

आधी जाऊबाईंचं. त्यांचा हेतू चांगला असेल, पण म्हणणं चुकीचं आहे. यीस्ट इन्फेक्शन म्हणजे कॅन्डिडा नावाच्या बुरशीची बेसुमार वाढ, आणि ही बुरशी काही घाणीतून येत नाही. ती आपल्या आतड्यात, तोंडात, त्वचेवर एरवीही असते. निरोगी बायकांपैकी साधारण १० ते २० टक्के जणींच्या योनीत ती कसलाही त्रास न देता राहते. त्रास नसेल तर तिच्यावर औषधही द्यायचं नसतं. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे इन्फेक्शन होतं, आणि त्या सगळ्या अस्वच्छ असतात असं म्हणायला कुणी धजावणार नाही. माझ्याकडे या तक्रारीने येणाऱ्या बायका उलट गरजेपेक्षा जास्त धुणाऱ्याच असतात.

मग गप्प बसलेली ही बुरशी अचानक का उठते? तुमच्या बाबतीत पहिल्या वेळचं कारण बहुधा तुम्हीच लिहिलंय. योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे उपयोगी जिवाणू मोठ्या संख्येने असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि इतर जंतूंना फार हातपाय पसरू देत नाहीत. दाढेसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकला दाढेतले जिवाणू कोणते आणि हे कोणते, असा फरक करता येत नाही. ते दोन्हीकडचे मारतं. बुरशी मात्र जिवाणू नव्हे, त्यामुळे तिला त्या औषधाने काहीच होत नाही. बाकीचे गेले, जागा मोकळी झाली, आणि कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर काही दिवसांत खाज सुरू झाली. अँटिबायोटिक घेणाऱ्या प्रत्येकीला असं होत नाही. जिच्या योनीत कॅन्डिडा आधीपासून आहे तिला होण्याची शक्यता जास्त. तेव्हा दाढेच्या डॉक्टरांना दोष देऊ नका, कधी कधी ते औषध लागतंच.

या बुरशीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ती दोन रूपांत राहते. एक रूप गोल-लांबट पेशींचं, बऱ्यापैकी निरुपद्रवी. परिस्थिती फावली की त्याच पेशींना लांब तंतू फुटतात आणि ते योनीच्या अस्तरात घुसायला लागतात. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं एक विष सोडतात, जे अस्तराच्या पेशींना भोकं पाडतं. त्याचा शोध २०१६ साली लागला. नुकसान झालेल्या जागी शरीराच्या संरक्षक पेशी धावून येतात, सूज येते, लाली येते, खाज सुटते. म्हणजे तुम्हाला होणारा छळ निम्मा बुरशीचा आणि निम्मा आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा. म्हणूनच औषध घेतल्या घेतल्या बरं वाटत नाही. बुरशी मेली तरी चिडलेली त्वचा शांत व्हायला वेळ घेते.

इस्ट्रोजेन या हार्मोनचाही यात मोठा हात आहे. त्याच्यामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो, आणि हे वातावरण कॅन्डिडाला मानवतं. गर्भारपणात इस्ट्रोजेन खूप वाढतं, म्हणून त्या काळात हा त्रास जास्त दिसतो. जास्त इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही होऊ शकतो. पुष्कळ जणींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढतो आणि पाळी आली की उतरतो. तुमच्या दुसऱ्या खेपेचं वेळापत्रक या चित्रात बसतं. याचीच दुसरी बाजू अशी, की पाळी सुरू न झालेल्या मुलींमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे इन्फेक्शन कमी दिसतं. साठीतल्या बाईला खालच्या जागी सतत खाज येत असेल तर यीस्टचं औषध देऊन मोकळं होऊ नये. कोरडेपणा असेल, लायकेन स्क्लेरोसससारखा त्वचेचा आजार असेल, तिथे नीट बघावंच लागतं.

आता आईच्या शुगरचं. आईला मधुमेह आहे म्हणून तुम्हाला यीस्ट होणार असं नाही. पण जवळच्या नात्यात मधुमेह असला की आपल्यालाही तो असण्याची शक्यता वाढते, आणि वारंवार होणारं यीस्ट इन्फेक्शन ही कधी कधी वाढलेल्या साखरेची पहिली खूण असते. रक्तात साखर जास्त असली की लघवीत आणि स्रावातही ती जाते, शिवाय संरक्षक पेशी मंदावतात. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी या तपासण्या करून घ्या. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्याही, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळेच हा त्रास होऊ शकतो. आई तसली गोळी घेत असेल आणि तिलाही खाजेचा त्रास असेल, तर तिने तो लपवू नये. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

स्टिरॉइड, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, उपचार न झालेला एचआयव्ही, यांनीही प्रतिकारशक्ती उतरते आणि बुरशीला संधी मिळते. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमचा तिसरा त्रास पहिल्यासारखा नाही, आणि हे तुम्ही स्वतःच लिहिलंय.

यीस्टची ठरलेली लक्षणं अशी : बाहेरच्या भागाला आणि आत जोरदार खाज, बहुतेकदा रात्री जास्त. लाली, सूज, खाजवून खाजवून पडलेल्या बारीक चिरा. लघवी करताना आग होते, पण ती लघवी बाहेरच्या सोललेल्या त्वचेवरून जाते तेव्हा चुरचुरते. मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनमध्ये आतून जळजळ होते आणि सारखं लघवीला जावंसं वाटतं. यीस्टमध्ये संबंधाच्या वेळीही दुखतं. पाणी घट्ट, पांढरं, दह्याच्या कवड्यांसारखं, कधी कधी योनीच्या भिंतीला चिकटून बसणारं. पण प्रत्येकीला असं पाणी जातंच असं नाही. काहींना फक्त खाज आणि लाली असते. आणि सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे त्याला वास जवळजवळ नसतो.

तुम्ही लिहिता, पाणी पातळ आहे आणि वास येतो. वास मासळीसारखा असेल, संबंधानंतर जास्त जाणवत असेल आणि पाणी करडं-पांढरं असेल, तर ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस असू शकतं. त्यात उपयोगी जिवाणू घटतात आणि दुसरेच जिवाणू माजतात. बुरशीचा तिथे संबंध नाही. हिरवट-पिवळं, फेसाळ, वासाचं पाणी असेल तर ट्रायकोमोनास हा लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी असू शकतो. या दोन्हींवर यीस्टची गोळी काडीचाही उपयोग करत नाही. दोन आजार एकाच वेळी असणंही शक्य आहे. आणि पाण्याचं काहीच नसून नुसतं जंतुनाशकाने त्वचा भाजली, हीसुद्धा शक्यता आहे. त्या आगीला तर कुठलीच गोळी नको, फक्त बाटली बाजूला ठेवायला हवी.

मैत्रिणीचं निदान पहिल्या वेळी बरोबर असावं असं मलाही वाटतं. पण घरच्या घरी केलेलं हे निदान किती वेळा चुकतं याचा अंदाज असावा म्हणून एक जुनी पाहणी सांगते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यीस्ट आहे असं स्वतःच ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं गेलं. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना फक्त यीस्ट इन्फेक्शन होतं. बाकीच्यांना दुसरं काहीतरी, किंवा यीस्टसोबत आणखी काही, आणि काहींना तर कसलंच इन्फेक्शन नव्हतं. आधी हा त्रास होऊन गेलेल्या बायकांचाही अंदाज फारसा बरा ठरला नाही. त्यामुळे 'मला ओळखता येतं' हे वाक्य मी ऐकते, मान डोलावते आणि तपासते.

तपासणीची लाज वाटते म्हणता, तर तिथे नेमकं काय होतं ते सांगते. तुम्ही टेबलावर पडता, पाय दुमडून बाजूला घेता, अंगावर चादर असते. डॉक्टर आधी बाहेरची त्वचा बघतात. मग स्पेक्युलम हे उपकरण हळूच आत सरकवतात. सैल सोडून लांब श्वास घेतलात तर दाब जाणवतो, फार दुखत नाही. सूज असेल तर आधीच सांगा, म्हणजे लहान आकाराचं घेतील. कापसाच्या बोळ्याची काडी भिंतीवरून फिरवून थोडा स्राव घेतात. तो आम्लता मोजणाऱ्या पीएच कागदाला लावतात : यीस्टमध्ये आकडा सहसा ४.५ च्या आतच राहतो, वर सांगितलेल्या दुसऱ्या दोन आजारांत तो वर जातो. उरलेला स्राव काचपट्टीवर घेऊन एका थेंबात सलाइन आणि दुसऱ्यात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात. ते रसायन आपल्या पेशी विरघळवून टाकतं आणि बुरशीचे कोंब फुटलेले गोळे आणि तंतू मागे उघडे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले की वादच मिटला. दिसले नाहीत पण लक्षणं तशीच आहेत, तर कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिचा प्रकार ओळखायला, पाठवतात. सगळी तपासणी काही मिनिटांची. एकच काळजी घ्या : जायच्या आधी दोन-तीन दिवस आत काही मलम, गोळी घालू नका आणि आतून धुऊ नका, नाहीतर पट्टीवर काही सापडत नाही. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसं मोकळेपणाने मागा. कुणाला सोबत न्यायचं असेल तरी चालतं.

यीस्टच निघालं तर उपचार सोपा आहे. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलची योनीत ठेवायची गोळी अथवा मलम एक ते सात दिवस, किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलीग्रॅमची एक गोळी तोंडाने (तुम्ही घेतली ती बहुधा हीच). साध्या इन्फेक्शनमध्ये दोन्हींचा गुण सारखाच. फ्लुकोनॅझोल एकदा घेतलं की त्याचा असर योनीत काही दिवस टिकतो, त्यामुळे 'आज खाज थांबली नाही' म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक घ्यायची नसते. एक-दोन दिवसांत उतार पडायला लागतो, पूर्ण बरं वाटायला आठवडा लागू शकतो. पाळी लांबली असेल तर आधी गर्भधारणेची चाचणी करा. गर्भारपणात ही तोंडाने घ्यायची गोळी टाळतात आणि सात दिवसांचं योनीत ठेवायचं औषधच देतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिनसारखं औषध चालू असेल तर तेही सांगा, दोघांचं जमत नाही. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही : या मलमांमधल्या तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. तितके दिवस त्यावर विसंबू नका.

मेडिकलमधून 'खाजेचं मलम' म्हणून मिळणाऱ्या, बुरशीनाशक आणि जोरदार स्टिरॉइड एकत्र असलेल्या ट्यूबपासून लांब राहा. पहिल्या दिवशी जादू वाटते, कारण स्टिरॉइड खाज दाबतं. आठवडे लावत राहिलात तर त्या नाजूक जागेची त्वचा पातळ होते आणि बुरशी आतल्या आत फोफावते.

आता हिशेब बघा. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वर्षाच्या आत तीन किंवा जास्त वेळा लक्षणांसह यीस्ट झालं तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. काही जण चार धरतात. तुमचे तीनही त्रास खरंच यीस्टचे असतील, तर तुम्ही त्या गटात जाता आणि एकेका गोळीचा खेळ तिथे पुरत नाही. मग फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या तीन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि त्यानंतर आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने, अशी पद्धत आहे. पण ती सुरू करण्याआधी कल्चर लागतंच. कारण बहुतेक यीस्ट कॅन्डिडा अल्बिकन्स या प्रकारचं असलं तरी ग्लाब्राटा नावाचा एक भाऊ आहे, जो फ्लुकोनॅझोलला फारशी दाद देत नाही. दुसऱ्या वेळी तुम्हाला अर्धवट फरक पडला, त्यामागे तो असेल, की निदानच वेगळं असेल, हे पत्रावरून मी काय, कुणीही सांगू शकणार नाही.

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही वाचायला द्या. यीस्ट इन्फेक्शन लैंगिक आजारांत मोडत नाही. ज्यांनी कधीच संबंध ठेवलेला नाही अशा मुलींनाही ते होतं. त्यामुळे 'तुलाच कसं' यामागे संशयाचा सूर असेल तर त्याला आधार नाही, आणि तुम्हीही उलट त्यांच्यावर संशय घेऊ नका. जोडीदाराला सरसकट औषध द्यायची गरज नसते. थोड्या पुरुषांना शिश्नाच्या टोकाला लाल चट्टे आणि खाज येते, तसं झालं तर त्यांनी तपासून मलम घ्यावं, एवढंच. मात्र तपासणीत ट्रायकोमोनास निघाला तर दोघांनाही एकाच वेळी औषध घ्यावं लागेल. ती वेळ आली तर भांडत बसण्याआधी दोघांनी औषध पुरं करा. आग होत असेपर्यंत संबंध टाळलेले बरे, कारण घासून त्या चिरा भरत नाहीत.

धुण्याबद्दल : बाहेरून, कोमट साध्या पाण्याने, दिवसातून एकदा. आतून कधीच नाही. योनी आतून स्वतःला साफ ठेवते, तिथे पाणी मारलं की उपयोगी जिवाणूच वाहून जातात. सुगंधी साबण, स्प्रे, वासाचे पॅड, रोज वापरायचे लायनर, 'इंटिमेट वॉश' म्हणून विकलं जाणारं काहीही सध्या नको. सुती आणि सैल कपडे घाला. त्याने इन्फेक्शन टळतंच याचा भक्कम पुरावा नाही, पण सोललेल्या त्वचेला आराम नक्की पडतो. खाज असह्य झाली तर थंड पाण्याची घडी बाहेरून ठेवा.

आत दही, लसूण, टी ट्री ऑइल घालण्याचे सल्ले तुम्हाला मिळतीलच, कदाचित मिळालेही असतील. दह्याने बरं होतं याचा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि लसूण व तेलांनी भाजलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बोरिक ॲसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल हा खरा उपचार आहे, पण हट्टी प्रकारांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ते पोटात गेलं तर विष आहे आणि गर्भारपणात चालत नाही. गोड सोडण्याचंही तसंच. रक्तातली साखर नॉर्मल असेल तर गोड बंद करून यीस्ट जातं असं दिसलेलं नाही. मधुमेह निघाला तर गोष्ट वेगळी.

ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखमा, पाळीव्यतिरिक्त रक्त, यातलं काही दिसलं तर भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. एरवी या आठवड्यात जा. जाताना एका कागदावर तीनही वेळच्या तारखा, पाळीच्या तारखा, अँटिबायोटिकचं नाव आणि गोळीचं रिकामं पाकीट घेऊन जा. आत गेल्यावर बोलायला सुचलं नाही तर तो कागद नुसता पुढे करा. तपासणीत बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं तर त्याचं औषध स्वतःच एक अँटिबायोटिक असतं आणि त्यामागून यीस्ट पुन्हा येऊ शकतं, म्हणून मागचा सगळा इतिहास डॉक्टरांना आधीच सांगा. दाढेचं काम उरलं असेल तर तिथेही हेच सांगा, म्हणजे औषध गरजेपुरतं आणि गरज असेल तेवढेच दिवस दिलं जाईल.